उरलेलं शेवाळ

ओढ्यातला सगळ्यात निसरडा दगड हिरवा नसतो, तपकिरी असतो. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. हिरव्या दगडाला आपण बिचकतो, पाऊल जपून टाकतो. तपकिरी दगड नुसता मातकट, ओला दिसतो. त्याच्यावर निर्धास्त पाय ठेवावा तर तो पायाखालून निसटतो. एकदा अशीच पडले, आणि पाण्यात बसल्याबसल्या त्या दगडावरचा बुळबुळीत थर नखाने खरवडून एका कुपीत घेतला. घरी येऊन सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. मातीचे कण अगदी थोडे होते. बाकी सगळी काचेची घरं. होडीसारखी, पाचरीसारखी, सुईसारखी. काही तर माझ्या डोळ्यांदेखत सावकाश सरकत होती.

डायाटम, शेवाळाचाच एक सूक्ष्म प्रकार. मराठीत त्यांना करंडक वनस्पती असं सुरेख नाव आहे. सिलिकाची पेटी, तिच्यावर घट्ट बसणारं झाकण आणि आत एक जिवंत पेशी. हिरवं हरितद्रव्य त्यांच्यातही असतंच, पण सोनेरी-तपकिरी रंगद्रव्य त्याच्यावर मात करतं. म्हणून आपण त्यांना चिखल समजून पुढे जातो.

त्या दिवसापासून मी वाहत्या पाण्याकाठी गेले की दगड उचलून बघते. उगमाजवळ बघते, सावलीत बघते, धारेत, डोहात, मुखाशी. प्रश्न साधाच आहे: उष्ण कटिबंधातल्या नदीत शेवाळ कुठे असतं आणि कुठे नसतं? उत्तर मात्र अजून पुरं हातात आलेलं नाही, आणि जेवढं आलं तेवढ्याने माझी बघायची रीतच बदलली.

सुरुवातीला मला या प्रश्नाचं एक नीटस चित्र सापडलं होतं. 1980 साली रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उगमापासून मुखापर्यंत नदी हा एक सलग बदलत जाणारा प्रवाह आहे अशी मांडणी केली. वरच्या अंगाला ओढा अरुंद, दोन्ही काठांच्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले, म्हणून ऊन कमी. तिथले जीव गळून पडलेल्या पानांवर जगतात. खाली येता येता पात्र रुंदावतं, झाडी काठाला सरकते, मधोमध ऊन पडतं आणि पाणी अजून उथळ, नितळ असतं. शेवाळाचं खरं राज्य इथे. त्याहून खाली नदी खोल आणि गढूळ होते, तळाला उजेड पोचत नाही. दगडावरचं शेवाळ मागे पडतं आणि पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाची, म्हणजे प्लवकाची, पाळी येते.

हे चित्र मला आवडलं आणि आजही त्याचा उपयोग होतो. पण ते उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशातल्या नद्यांवरून काढलेलं होतं. तिथे शरद ऋतूत पानं एकदम झडतात, आणि वसंताच्या सुरुवातीला झाडं उघडी असताना ओढ्यावर उन्हाचा लोट येतो. शेवाळ त्या थोड्या दिवसांत उसळून वाढतं. विषुववृत्ताजवळच्या सदाहरित रानात ही खिडकी उघडतच नाही. पानं वर्षभर थोडीथोडी गळतात, वर्षभर थोडीथोडी फुटतात. दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, पाणी बारा महिने कोमट. इथे ऋतू ठरवतो तो पाऊस. शेवाळाचं वर्षही दोन भागांचं असतं: पूर येण्याचे दिवस आणि न येण्याचे दिवस.

वर्षावनाच्या जमिनीपर्यंत पोचणारा उजेड वरच्या उजेडाच्या एक-दोन टक्के असतो. ओढ्यावर फटीतून थोडा जास्त येतो, कवडशांच्या रूपाने. दुपारी दगडावरून एक कवडसा सरकत जातो, काही मिनिटांत निघूनही जातो, आणि तेवढ्या मिनिटांवर त्या दगडाचा दिवस अवलंबून असतो. अशा ठिकाणी मी प्रथम लाल शेवाळ पाहिलं. लाल म्हणावं असं त्यात काही नव्हतं. झऱ्याच्या तोंडापाशी, हिरवट-तपकिरी रंगाचे, मण्यांची माळ ओवावी तसे बुळबुळीत झुबके पाण्याच्या धारेत हलत होते. बाहेर काढले की हातात नुसता गोळा. पुन्हा पाण्यात सोडले की प्रत्येक माळ वेगळी. याचं शास्त्रीय नाव बॅट्रॅकोस्पर्मम, आणि त्या नावातच बेडकाच्या अंड्यांशी असलेलं साम्य आहे. लाल शैवलांचा बहुतेक गोतावळा समुद्रात राहतो. गोड्या पाण्यात आलेल्या थोड्या जातींपैकी बऱ्याच अशा सावलीच्या, वाहत्या, स्वच्छ जागा धरून असतात.

झऱ्याच्या तोंडाशीच का, याचं एक कारण मला फार समाधान देऊन गेलं. पाण्यातल्या पुष्कळशा वनस्पती कार्बनसाठी बायकार्बोनेट वापरू शकतात. बॅट्रॅकोस्पर्ममला विरघळलेला मोकळा कार्बन डायऑक्साइडच लागतो. जमिनीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पाण्यात तो भरपूर असतो. पाणी दगडांवरून उड्या मारत गेलं की तो हवेत निघून जातो. म्हणजे त्या झुबक्यांना उगमाची जी जवळीक लागते ती रसायनाची आहे. त्याच ओढ्यात थोडं खाली, तितकीच सावली आणि तितकीच धार असताना मला ते दिसले नव्हते, त्याचा उलगडा मला तेव्हा झाला.

खाली येताना लक्षात येतं की शेवाळ नदीकाठाने सलग पसरत नाही, ठिगळांसारखं असतं. उत्तर अमेरिकेत टुंड्रापासून वर्षावनापर्यंत सुमारे 1000 ठिकाणचे प्रवाह तपासून 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आणि ब्राझीलमधल्या नंतरच्या कामातही हेच दिसलं. डोळ्यांना दिसेल एवढ्या आकाराच्या शेवाळाच्या जाती एका जागी मोजक्याच भेटतात, आणि पन्नास पावलांवर चित्र वेगळं असू शकतं. उष्ण कटिबंधातल्या श्रीमंतीबद्दल आपण इतकं ऐकलेलं असतं की ही विरळता चटकन पटत नाही. माझ्या मते यात नवल नाही. ज्या दगडावर काल पूर येऊन गेला तो दगड कालच जन्मला असं समजायचं.

पुरानंतरचा दगड हा मला सगळ्यात सुंदर वाटतो. वाळू घासून गेलेली असते, पृष्ठभाग स्वच्छ. पहिले एक-दोन दिवस त्यावर जिवाणू आणि त्यांचा चिकट लेप. मग दगडाला पोटाने चिकटून बसणारे चपटे डायाटम येतात. दगडाच्या अगदी अंगालगत पाण्याचा एक पातळ संथ थर असतो, त्यात ते लपतात आणि धार त्यांच्यावरून निघून जाते. त्यांच्यावर देठवाले डायाटम उभे राहतात, चिकट दांडीच्या टोकावर एकेक पेशी, उजेडाकडे मान उंचावलेली. शेवटी हिरवे तंतू. गवत, झुडूप, झाड अशा तीन मजल्यांचं रान एका नखाच्या जाडीहून कमी उंचीत उभं राहतं. पुढचा पूर आला की वरचा मजला आधी जातो, पोटाने चिकटलेले पुष्कळदा वाचतात, आणि त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात होते. पाणी कोमट असल्यामुळे हे सगळं भराभर होतं, काही आठवड्यांत.

इथवर सगळं उजेड, धार आणि पूर यांच्या हिशेबात बसत होतं. मग एका डोहाने माझी गाडी अडवली. झाड पडल्यामुळे त्याच्यावर मोठं भगदाड पडलं होतं, दिवसभर लख्ख ऊन, पाणी गुडघ्याएवढं आणि संथ. दगड हिरवेगार असायला हवे होते. ते जवळजवळ उघडे होते, सावलीतल्या दगडांसारखेच. आणि काठाला मात्र, जिथे पाणी वीतभरही नव्हतं, तिथे हिरव्याची दाट पट्टी. मी बराच वेळ पाण्याची खोली, तापमान, तळाचा दगड यांत कारण शोधत राहिले. कारण यांत नव्हतंच.

ते मला पनामातल्या रिओ फ्रिहोलेस या ओढ्यावरच्या कामात सापडलं. मेरी पॉवर या संशोधिकेने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाशित केलेलं हे काम मी किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. त्या ओढ्यात अंगावर हाडांच्या तकट्यांचं चिलखत असलेले कॅटफिश राहतात. तोंड खालच्या बाजूला, दगडाला चिकटणारं, बारीक दातांनी शेवाळ खरवडणारं. पॉवर यांनी डोहाडोहातले मासे मोजले, त्यांना खुणा केल्या, दगडांवरचं शेवाळ मोजलं. उन्हातल्या डोहात शेवाळ सावलीतल्या डोहापेक्षा कितीतरी वेगाने वाढत होतं. पण उभं शेवाळ, म्हणजे कोणत्याही क्षणी दगडावर शिल्लक असलेलं, दोन्हीकडे जवळजवळ सारखंच तुटपुंजं. कारण उन्हातल्या डोहात मासेही त्याच प्रमाणात जास्त होते. जिथे जेवढं उगवतं तिथे तेवढे खाणारे. पावसाळ्यात एकेका माशाच्या वाढीचा वेग पाहिला तर तोही उन्हात आणि सावलीत सारखाच आढळला. म्हणजे मासे इतके नेमके वाटले गेले होते की कोणाच्याच वाट्याला जास्त येत नव्हतं.

आणि काठाची ती हिरवी पट्टी? वीतभर पाण्यात बगळे आणि खंड्या शिकार करतात. मोठे मासे तिथे यायला धजत नाहीत. कोरड्या दिवसांत खोल भागातलं शेवाळ संपून त्यांची वाढ खुंटते, तरी उथळातल्या हिरव्या कुरणाकडे ते जात नाहीत. डोहाच्या काठाने फिरणारी ती हिरवी कड पक्ष्यांच्या चोचीच्या पल्ल्याने आखलेली असते. तिच्यात ऊन आहे, पाणी आहे, दगड आहे, पण तिचा आकार भीतीने ठरवला आहे.

हे वाचल्यावर मला माझ्या सगळ्या जुन्या वह्या पुन्हा वाचाव्या लागल्या. मी दगडावर जे पाहत होते ते तिथे उगवलेलं शेवाळ नव्हतं. उगवलेल्यातून उरलेलं होतं. 'शेवाळ नाही' अशी नोंद मी जिथे केली होती, त्यातल्या काही जागा त्या ओढ्यातल्या सगळ्यात सुपीक जागा असतील. उघडा दगड ओसाड असू शकतो आणि भरपूर चरलेलाही असू शकतो, आणि नुसतं बघून यांतलं काय ते सांगता येत नाही. सांगायचं असेल तर चरणाऱ्यांना काही दिवस दूर ठेवून बघावं लागतं. दगडाभोवती जाळी लावा आणि थांबा.

उष्ण कटिबंधात चरणारे मासेच असतात असंही नाही. पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या ओढ्यांत ते काम गोड्या पाण्यातली कोळंबी करते. कॅथरिन प्रिंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दगडांच्या काही भागांभोवती विजेचं सौम्य कुंपण घातलं. कोळंबी आत जाईना, आणि त्या जागी थोड्याच काळात गाळाचा आणि शेवाळाचा थर साचला. कुंपणाबाहेर दगड स्वच्छ. या कोळंबीचं आयुष्य मोठं विलक्षण आहे. पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत खाडीपर्यंत जातात, खाऱ्या पाण्यात वाढतात आणि मग पुन्हा डोंगर चढू लागतात. धबधब्याच्या ओल्या कातळावरूनही ती वर चढतात. वर शिकारी मासे पोचत नाहीत, म्हणून धबधब्यांच्या वरच्या डोहांत कोळंबी दाट असते. पण मध्ये मोठं धरण आलं आणि सांडव्यावरून पाणी वाहत नसलं, तर चढणारी कोळंबी खालीच अडकते. धरणाच्या वरचा ओढा डोंगरात, रानात, कोणीही न छेडलेला असतो, तरी तिथल्या दगडांवर शेवाळ आणि गाळ दाट होतात. खालच्या भिंतीचा परिणाम वरच्या दगडावर. पाणी एकाच दिशेने वाहतं म्हणून नदीतली कारणंही वरून खालीच जातात असं मी धरून चालले होते.

पनामातच, एल कोपे इथल्या डोंगरी ओढ्यांत, 2004 च्या अखेरीस बेडकांना बुरशीचा रोग आला. काही महिन्यांत बेडूक नाहीसे झाले आणि त्यांच्याबरोबर दगडांवर चरणारे बेडूकमासेही. संशोधक आधीपासून तिथे मोजमाप करत होते, म्हणून आधी आणि नंतर दोन्ही नोंदी आहेत. दगड हिरवे-तपकिरी होत गेले. एरवी मला दाट शेवाळ पाहून आनंद होतो. त्या दगडांबद्दल वाचताना तसा होत नाही. रात्री बेडकांच्या आवाजाने भरून जाणारं रान गप्प झाल्याची खूण म्हणून ते शेवाळ तिथे वाढलं आहे.

ओढ्यात पोषकद्रव्यांचाही वाटा असतोच. कोस्टा रिकातल्या ला सेल्व्हा परिसरात ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेलं भूजल काही ओढ्यांत फॉस्फरस आणून सोडतं, शेजारच्या ओढ्यात तो नसतो. पण गर्द सावलीत फॉस्फरस असून शेवाळाला त्याचा फारसा उपयोग करता येत नाही. उजेड नसला की बाकी सगळं असून नसल्यासारखं.

मोठ्या नदीचं गणित वेगळं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात नद्यांचे रंग निरनिराळे आहेत. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1853 साली ते नोंदवले, आणि विसाव्या शतकात हाराल्ड सिओली यांनी त्यांची पांढऱ्या, काळ्या आणि निर्मळ पाण्याच्या नद्या अशी मांडणी केली. अँडीजमधून गाळ आणणारी सोलिमोंइस नदी पांढऱ्या पाण्याची, म्हणजे खरं तर दुधाळ-मातकट. तिच्यात पोषकद्रव्यं भरपूर, पण हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. रिओ नेग्रो काळी, कोऱ्या चहाच्या रंगाची, कुजलेल्या पानांतल्या आम्लांनी भरलेली. तिचा सामू 4 ते 5 च्या आसपास, पोषकद्रव्यं नाममात्र. अशा मऊ, आम्ल पाण्यात डेस्मिड नावाची हिरवी शैवलं रमतात: मधोमध चिरलेली, दोन आरशातल्यासारखे अर्धे भाग असलेली, चांदणीसारखी. मानाऊसजवळ दोन्ही नद्या मिळतात आणि काही किलोमीटर एकमेकींत न मिसळता शेजारी वाहतात. एका बाजूला अन्न आहे आणि उजेड नाही. दुसऱ्या बाजूला उजेडही अडलेला आणि अन्नही नाही.

मग या नद्यांत शेवाळ असतं कुठे? काठांबाहेर. पूर चढला की नदी रानात आणि तळ्यांत शिरते, पाणी थबकतं, गाळ खाली बसतो, उजेड आत शिरतो आणि महिनोन्महिने पाण्याखाली असलेल्या झाडांच्या खोडांवर, तरंगत्या गवताच्या मुळांवर शेवाळ धरतं. पूर ओसरताना त्यातलं काही नदीत परततं. दक्षिण अमेरिकेतल्याच ओरिनोको नदीच्या मुख्य प्रवाहात प्लवकाची वाढ खोलीमुळे आणि गढूळपणामुळे किती जखडलेली असते ते विल्यम लुईस यांनी 1980 च्या दशकात दाखवलं. पूरमैदानात डोळ्यांना दिसतं ते गवत आणि झाडं. शेवाळ त्यांच्यापुढे नगण्य वाटतं. पण 1986 साली ॲमेझॉनच्या तळाचा गाळ खाणाऱ्या माशांच्या अंगातला कार्बन तपासला, त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण पाहिलं, तेव्हा त्या माशांचं पोषण प्रामुख्याने सूक्ष्म शैवलांवर झालेलं निघालं. 1992 साली ओरिनोकोतही तसंच दिसलं. गवताचे ढीगच्या ढीग कुजत होते आणि मासे जगत होते ते न दिसणाऱ्या हिरव्यावर. पनामाच्या डोहाचीच गोष्ट, पण खंडाएवढी मोठी: थोडं दिसतं, कारण ते सतत खाल्लं जातं.

नाईलवर वेळच वेगळा आहे. 1925 मध्ये निळ्या नाईलवर सेनार आणि 1937 मध्ये पांढऱ्या नाईलवर जेबेल औलिया हे बांध झाले. निळ्या नाईलचा पूर चढतो तेव्हा गढूळ लोंढ्यात प्लवक जवळजवळ नाहीसं होतं. पुरानंतर बांधामागे पाणी थांबतं, निवळतं, आणि ऑलाकोसायरा या डायाटमच्या साखळ्या भराभर वाढतात. त्यांचं सिलिकाचं घर जड असतं. पाणी घुसळत राहिलं तरच त्या तरंगतात, अगदी संथ झालं की बुडतात. त्यांना थांबलेलं पाणी हवं आणि पुरतं थांबलेलंही नको.

2019 च्या शेवटी मेकाँगचं पाणी काही भागांत निळंशार झालं. छायाचित्रं सुंदर होती आणि पुष्कळ लोक ती पाहायला गेले. वरच्या धरणांत गाळ अडला होता, पाऊस कमी झाला होता, प्रवाह मंदावला होता. एरवी त्या नदीचा रंग मातीचा. पाणी नितळ होताच ऊन तळापर्यंत गेलं आणि वाळूवर, खडकांवर शेवाळ धरलं. ती छायाचित्रं मी खूप वेळ पाहिली. नदीने आयुष्यभर वाहून नेलेली माती तिच्यात नव्हती, आणि त्या रिकामेपणातून उजेड आत आला होता.

शेवटी मुख. गेल्या खेपेला मी एका नदीबरोबर खारफुटीपर्यंत गेले. चिखलातून वर आलेल्या मुळांवर काळपट-जांभळ्या केसांची झालर होती, ओहोटीच्या वेळी वाळून मुळाला चिकटलेली. बोस्ट्रिकिया, कॅलोग्लोसा: पुन्हा लाल शैवलंच. एरिका पोस्ट यांनी 1936 साली या सोबत्यांच्या समूहाला बोस्ट्रिकिएटम असं नाव दिलं. झऱ्याच्या तोंडाशी लाल शेवाळ, समुद्राच्या तोंडाशीही लाल शेवाळ, आणि मधली सगळी नदी तपकिरी-हिरवी. दोघांची नाती दूरची आहेत आणि तिथे असण्याची कारणंही निराळी. तरी मला वरचे ते बुळबुळीत झुबके आठवले.

झालर मुळाच्या वरच्या भागावर दाट होती आणि एका उंचीवर अचानक संपत होती. त्या रेषेखाली मूळ साफ उघडं. पूर्वी मी वहीत लिहिलं असतं, 'खाली शेवाळ नाही.' त्या दिवशी मी पेन खिशात ठेवलं, काठावर कोरडी जागा पाहून बसले आणि पाणी चढल्यावर त्या उघड्या भागावर कोण येतं ते बघत भरतीची वाट पाहिली.